स्नूक लेनवरची शेवटची पंगत

लोवेल स्टकीला नुसतं बसता येत नसे. सगळी नोकरी त्याने टोलीडोला सिटी बस चालवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, स्नूक लेनमध्ये, कालव्याकाठी घर घेतलं. मागच्या पडवीत त्याच्या बायकोने, आर्डिसने, हौसेने एक झुलती खुर्ची आणून ठेवली. त्या खुर्चीत आजवर फक्त शेजारचं मांजर बसलं. लोवेल जेवायचा उभ्याने, बातम्या बघायचा उभ्याने, आणि कुणी खांदे दाबून बसवलाच तर त्याचा उजवा पाय आपोआप फरशीवर ब्रेक दाबायला लागायचा.

"लोवेल, घर थांबलंय," आर्डिस म्हणायची. "पाय काढ आता."

अशा माणसाला देवाने एक तर कुत्रा द्यावा, नाही तर लॉन. कुत्र्याने आर्डिसला शिंका यायच्या. मग राहिलं लॉन.

आणि लॉन म्हणजे स्नूक लेनवर सेंट ऑगस्टीन. जाड पात्याचं गवत. दिसायला राजबिंडं, आतून नाजूक. पाणी कमी पडलं की रुसणार, जास्त झालं की बुरशी धरणार, आठवडाभर पाठ फिरवली की किडे त्याचा रस पिऊन ढेकर देणार. लोवेल गुडघ्यावर बसून त्याच्याशी बोलायचा, "काय रे, पिवळा का पडलास? हं? काल तर बरा होतास की!" शेजारचा बड ओलेनिक कुंपणावरून ऐकायचा आणि ओरडायचा, "बायकोशी इतकं गोड बोललास ना, तर रोज स्टेक मिळेल!" बडचा आवाज म्हणजे जिन्यावरून सोडून दिलेलं रिकामं पिंप. तो 'गुड मॉर्निंग' म्हणाला तरी पाखरं उडायची.

आता जिल्ह्याचा खताचा नियम स्नूक लेनवर शेंबड्या पोरालाही पाठ होता. जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत गवताला नायट्रोजनचं खत नाही म्हणजे नाही, आणि पाण्याच्या काठाला लागून तर वर्षभर नाही. ते दिवस पावसाचे. दुपार झाली की आभाळ फुटतं, घातलेलं खत धुऊन रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात, गटारातून कालव्यात. गवत उपाशी आणि शेवाळ धष्टपुष्ट. लोवेलला हा नियम नुसता मान्य नव्हता, आवडत होता. वेळापत्रकावाचून बस म्हणजे नुसता पत्रा, असं तो म्हणे.

पण मग चार महिने गवताने खायचं काय? यावर तोड लोवेलनेच काढली होती. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी सगळ्या गल्लीने मिळून गवताला पोटभर जेवू घालायचं. बडने त्याला नाव ठेवलं, शेवटची पंगत. तेव्हापासून तो गल्लीचा सणच झाला. लोवेल सगळ्यांसाठी एकदम, एकाच जातीचं खत मागवायचा, मोहरीएवढे गोल, पोपटी दाणे. त्या दिवशी दुपारची जेवणं उरकली की गॅरेजांची दारं वर जायची, खत पसरायच्या ढकलगाड्या बाहेर यायच्या, कुणाच्या दांड्याला झेंडा, कुणाच्या दांड्याला बायकोचा जुना स्कार्फ. कोळशावर हॉट डॉग, बर्फात बीअर. मग लोवेल रस्त्याच्या मध्यावर उभा राहून बसमधला तो नाकातला पत्र्याचा आवाज काढायचा, "पुढचा थांबा, जूऽऽन! ज्यांना खत उतरवायचं असेल त्यांनी इथेच उतरवावं!" की सगळ्या गाड्या एकदम घरघरायला लागायच्या.

"डबल टाक, लोवेल, डबल!" त्या वर्षी बड ओरडला.

"पोत्यावर लिहिलंय त्याच्या दुप्पट?"

"पोत्यावरचं वकील लिहितात! गवताला विचारलंय का कुणी?"

लोवेलने दुप्पट टाकलं. दर वर्षीच टाकायचा. नियम कुठे मोडत होता? जून लागायचा होता अजून.

समोरच्या घराच्या ओट्यावर मिग्डालिया फेरेर आपला इवलासा कॉफीचा कप घेऊन बसली होती. मायामीकडे तिचं नवरीचे झगे शिवायचं दुकान होतं. नवरा गेल्यावर ते भाचीला देऊन ती इकडे आली. पंगतीत ती कधी उतरली नाही, पण बघायला मात्र पहिल्या रांगेत.

"मिस्टर स्टकी!" तिने हाक मारली. मिस्टर म्हणताना ती 'र' असा फिरवायची की ऐकणाऱ्याला आपली चूक झाल्यासारखं वाटावं. "लग्न कुणाचं आहे?"

"लग्न नाही, मिग्डालिया. उद्यापासून खत बंद."

"असं? मला वाटलं नवरीला जबरदस्तीने भरवताय."

पुरुष हसले. लोवेलही हसला, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्या वर्षी त्याला वेगळीच काळजी होती, आणि तिचं कारण होतं आर्डिस.

आर्डिसला पोहण्यावाचून चैन पडत नसे. इथे आल्यापासून ती रोज सकाळी धक्क्याच्या शिडीवरून कालव्यात उतरायची आणि कमरेचं दुखणं पाण्यात सोडून वर यायची. बदकासारखी मान वर धरून, चष्म्यासकट पोहायची. पण मागच्या उन्हाळ्यात पाणी वाटाण्याच्या सुपासारखं झालं. वास असा की पडवीचं दार उघडवेना. तरी ती एकदा हट्टाने उतरली, तर दोन्ही हातांवर पुरळ. मग उरलेला सगळा उन्हाळा ती धक्क्यावरच्या बाकावर बसून पाण्याकडे बघत राहिली, आणि थंडीत एकदा भांडी विसळताना म्हणाली, "पुन्हा असं झालं तर घर विकायचं, लोवेल. व्हर्लाचं तळघर रिकामंच आहे."

आर्डिस चिडली की ओरडायची. ठरवलं की हळू बोलायची. हे ती हळू बोलली होती.

व्हर्ला म्हणजे तिची टेनेसीतली बहीण. लोवेलने ते तळघर पाहिलं होतं. तपकिरी गालिचा, पाय वर होणारी आरामखुर्ची, आणि छताला लागून एक एवढीशी खिडकी. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींची फक्त चाकं दिसायची. अंगण वरच्या मजल्याचं, ते व्हर्लाचा नवरा सांभाळायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. ती आरामखुर्ची लोवेलच्या स्वप्नात यायची आणि त्याला हळूहळू मागे रेलवायची.

म्हणून त्याने मनाशी ठरवलं, या उन्हाळ्यात आपल्या गल्लीतून चिमूटभर खत पाण्यात जाऊ द्यायचं नाही.

जून उजाडला आणि लोवेलचा पोलीस झाला. गळ्यात दुर्बीण, बुडाखाली गोल्फची छोटी गाडी. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकाला, त्या टोकापासून या टोकाला. गवत कापणाऱ्याला हटकलं, "ए, त्या डब्यात काय आहे?" "पेट्रोल, साहेब." "वास घेऊ दे." बडच्या गॅरेजमध्ये डोकावून आला. बड म्हणाला, "तुझी बस चुकली वाटतं! हे डेपो नाही!" कुणाच्या तरी मुलीने रस्त्यावर खडूने रंगवलेल्या पोपटी फुलावर तो ओणवा झाला आणि बोट लावून चाखणार, तेवढ्यात तिच्या आईने त्याला आत बोलावून थंड पाणी दिलं.

आणि मग त्याला मिग्डालियाचं लॉन खुपायला लागलं.

सगळ्यांची लॉनं हिरवी होती, पण तिचं गर्द. शाईत बुडवून काढल्यासारखं. पंगतीला दाणा टाकला नाही आणि रंग हा? लोवेलला झोप येईना. एका सकाळी तो तिच्या कडेच्या गवतात गुडघे टेकून, नाक खाली घालून हुंगत असताना 'टक्' असा आवाज झाला आणि सगळे फवारे एकदम सुरू झाले. ओट्यावर मिग्डालिया उभी, बोट बटणावर.

"तुमच्याकडे पाणी नाही का, मिस्टर स्टकी?"

"तू खत घालतेस!" लोवेल निथळत म्हणाला.

"मी लोखंड घालते. फवारते. नियमात बसतं. बाळंतिणीला देतात ना रक्त वाढायला, तसं." तिने पायरीकडे बोट केलं. फरशीवर गंजाचे तांबडे डाग पडले होते. "हे बघा. लोखंड नसतं तर माझी फरशी अशी झाली असती? त्या डागांपायी मी रोज देवाची माफी मागते."

"डाग काय, कसलेही पडतात," असं पुटपुटत लोवेल घरी गेला. त्याचं समाधान झालं नव्हतं. समाधान त्याला परवडणारंच नव्हतं; त्याला चोर हवा होता.

कारण तोवर पहिली मोठी वादळं होऊन गेली होती आणि कालवा बदलायला लागला होता. स्नूक लेनचा कालवा बंद टोकाचा. भरतीचं पाणी आत येतं, पण गल्लीतल्या म्हाताऱ्यांसारखं, एकदा आलं की जायचं नाव घेत नाही. आधी पाण्यावर साय धरली. मग कडेला बुडबुडे. मग एक दिवस दोन बोय मासे पांढरं पोट वर करून धक्क्याला टेकले. आर्डिस पोहण्याचे कपडे घालून शिडीपाशी गेली, एक पायरी उतरली, थांबली, आणि परत वर आली. टॉवेल पुन्हा घडी केला, जणू वापरलाच नव्हता. वापरला नव्हताच.

दुपारी टॅमी-लिन घर बघायला आली. घरं विकणारी, आर्डिसने बोलावलेली. तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी साखर सांडलेली असायची. "अय्या, काय गोऽऽड पडवी! अय्या, काय गोऽऽड खुर्ची! कुणी बसलेलं दिसत नाही, अगदी नवी!" मग समोरच्या अंगणात येऊन तिने टाळीच वाजवली. "आणि हे लॉन! हनी, हे लॉनच घर विकणार. असंच ठेवा हं. असंऽऽच हिरवं!"

लोवेलने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गवताकडे रागाने पाहिलं.

त्याच दिवशी त्याने जिल्ह्याच्या कचेरीत फोन करून मिग्डालियाची तक्रार केली. दोन दिवसांनी एक पोरगेलासा तपासनीस आला, तिच्या गॅरेजमध्ये शिरला, बऱ्याच वेळाने बाहेर आला तो हातात कॉफीचा कप आणि ओठांवर पेरूच्या पेस्ट्रीचा चुरा घेऊन. लोवेलच्या दाराशी येऊन म्हणाला, "तिथे सगळं नियमात आहे, सर. पेस्ट्री तर फारच नियमात आहे." आणि गेला.

त्याच्या मागोमाग मिग्डालिया रस्ता ओलांडून आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा या बाजूला आली होती. लोवेल उभा होताच. आणखी ताठ झाला.

"माझा एक मावसभाऊ होता, एलादियो," ती म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस लागायच्या आदल्या रात्री माझ्या मावशीने त्याला अख्खं डुक्कर खायला घातलं. म्हणाली, उद्यापासून मिळणार नाही, आजच खाऊन घे. माहितीय काय झालं?"

"काय?"

"सकाळी सगळं मावशीच्या गालिच्यावर. चाळीस दिवसांचं जेवण एका रात्रीत पचत नाही, मिस्टर स्टकी. ना एलादियोला, ना गवताला. तुमच्या गवताने कुठे ओकलंय ते मागच्या दारी जाऊन बघा. आणि पुन्हा माझ्याकडे माणूस पाठवाल तर आधी कळवा, पेस्ट्री कमी पडल्या."

ती गेली. लोवेल दार लावून स्वयंपाकघरात आला, पडवीत गेला, परत आला. "बाई वेडी आहे," तो म्हणाला. "एलादियो म्हणे! डुक्कर म्हणे!" आर्डिस शब्दकोडं सोडवत होती. तिने मान वर केली नाही, पण पेन्सिल थांबली.

दुपारी आभाळ फुटलं. लोवेल रेनकोट घालून बाहेर. "विजा चमकताहेत, लोवेल!" आर्डिसने हाक मारली. "चमकू देत!" पाणी रस्त्याच्या दोन्ही कडांनी लोटत होतं. तो पाण्याबरोबर चालायला लागला. का, ते त्याला सांगता आलं नसतं, पण पाणी चाललं होतं आणि त्याला थांबवत नव्हतं. बडच्या घरावरून, पलीकडच्या घरावरून, वळणावरून, थेट गटाराच्या लोखंडी जाळीपर्यंत. जाळीशी पालापाचोळा अडकून भोवरा झाला होता. लोवेल वाकला. पानांच्या आड दाणे होते. मोहरीएवढे, गोल, पोपटी. काही अजून टणक, काही नुसती रिकामी टरफलं, बोटात धरली की फुस्स.

ते दाणे गल्लीत कुणाकडे होते? सगळ्यांकडे. कुणी मागवले? लोवेलने. कुणाकडे नव्हते? एका मिग्डालियाकडेच नव्हते, आणि तिच्याकडे त्याने माणूस पाठवला होता.

तो वळला आणि पाण्याच्या विरुद्ध दिशेने परत निघाला, कडेचा पाण्याचा ओघळ बघत. ओघळाला दाण्यांची बारीक पोपटी किनार होती. ती बडच्या दारावरून गेली, पण बडच्या दाराशी संपली नाही. लोवेलच्याच ड्राइव्हवेच्या टोकाला ती सगळ्यात जाड होती. दुप्पट जाड.

घरात शिरला तेव्हा त्याच्या रेनकोटातून फरशीभर पाणी झालं. त्याने मूठ उघडून आर्डिसपुढे टेबलावर दाणे ठेवले.

"हे काय?"

"पंगत," लोवेल म्हणाला. "आपली. म्हणजे माझी."

आर्डिसने चष्मा वर केला. दाण्यांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे माझ्या अंगावर पुरळ तू उठवलंस."

"तसं नाही म्हणता येणार अगदी. सगळी गल्ली... आणि वरच्या भागातली तळी, सांडपाणी, किती तरी कारणं असतात..."

"लोवेल."

"हो," तो म्हणाला.

तिने ओरडावं असं त्याला मनापासून वाटत होतं. ती ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "शनिवारी कुणीतरी घर बघायला येणार आहे. फरशी पूस."

शनिवारी आलं ते जोडपं मिशिगनचं. नवरा टॅमी-लिनच्या मागून "वा, वा" करत पडवीपर्यंत आला, दार उघडलं, आणि त्याचं नाक लोकरीच्या मोज्यासारखं गोळा झालं. "इथे काही मेलंय का?" "अय्या नाही हो! निसर्ग आहे तो!" टॅमी-लिन म्हणाली. बायको आधीच मोटारीत जाऊन बसली होती. पुढच्या आठवड्यातली माणसं तर मोटारीतून उतरलीच नाहीत. लोवेल खिडकीच्या पडद्याआडून बघायचा. वाईट वाटायचं, आणि आत कुठेतरी उकळ्याही फुटायच्या. आपलीच घाण आपल्याला घरात ठेवतेय, हे कुणाला सांगायचीही चोरी.

शेवटी टॅमी-लिनने तोडगा काढला. "हनी, जानेवारीत विकू या. थंडीत पाणी असं निळंऽऽशार असतं! उत्तरेकडून येतात बिचारे, त्यांना काय कळतंय?"

आर्डिसने तिच्याकडे बघितलं. "मीही जानेवारीतच आले होते," ती म्हणाली. "बिचारी." आणि टॅमी-लिनची 'घर विकणे आहे'ची पाटी तिने स्वतः अंगणातून उपटून तिच्या हातात दिली. "कुणा येड्याच्या गळ्यात मारून मला जायचं नाही. पुढचा उन्हाळा बघेन. बरा असला तर राहू. नसला तर आहे त्या भावात, आहे त्या वासासकट, विकून मोकळी होईन. समजलं, लोवेल?"

समजलं म्हणजे काय! लोवेल त्याच दिवशी मिग्डालियाच्या पायरीपाशी जाऊन टोपी काढून उभा राहिला. तिने त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. "तुझ्या एलादियोचं बरोबर होतं," तो म्हणाला.

"एलादियोचं कधीच काही बरोबर नव्हतं. माझं बरोबर होतं. कॉफी घेणार?"

त्याने उभ्यानेच घेतली. त्या कॉफीने तो तीन दिवस आणखीनच थांबेनासा झाला.

मग थंडीभर लोवेल दारोदार. आणि दारोदार तेच. "तुम्हीच तर सुरू केलंत, मिस्टर स्टकी." "नियमात बसतं ना? मग झालं." एका सभ्य म्हाताऱ्याने त्याचं सगळं मान डोलवत ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग यंदा पोती किती वाजता येणार?" बड तर पेटलाच. "सहा वर्षं मला डबल टाक म्हणालास..."

"तू म्हणालास डबल टाक!"

"आणि तू टाकलंस! माणसाने आपलीच बस आपणच अडवायची? लोक काय म्हणतील? काल भटजी होता, आज पाखंडी झाला!"

"पोत्यावर लिहिलंय तेवढंच टाक, बड, मार्चमध्ये. मे संपताना नको. पावसाच्या तोंडावर नको. काठापासून लांब. एवढंच म्हणतोय."

"एवढंच म्हणे! पंगतीशिवाय मे कसला?"

तिथे लोवेलची पंचाईत होती. सण बंद करता येत नाही. लोकांना हॉट डॉग हवे असतात. त्याने स्वतःचं लॉन सोडून दिलं होतं. पाण्याकाठची पट्टी तर उखडून तिथे गुडघाभर रानगवत लावलं होतं, वारा आला की गुलाबी तुरे हलायचे. बड म्हणायचा, "तुझ्या मागच्या दारी घोडा मेलाय का, शेपट्या उगवल्यात?" पण मेचा शेवटचा दिवस आला तसा लोवेलला घरात थारा मिळेना. त्याने शेगडी बाहेर काढली. बीअर बर्फात घातली. गॅरेजांची दारं वर गेली, माणसं बाहेर आली, ढकलगाड्याही आल्या, आणि सगळे लोवेलकडे बघत उभे.

"पोती?" कुणीतरी विचारलं.

"मागवली नाहीत," लोवेल म्हणाला. त्याचा आवाज बसमधला नव्हता, त्याचाच होता, आणि तो फारसा ऐकू जाईना. "हॉट डॉग आहेत. कांदा परतलेला आहे. खत नाही."

मग समोरून मिग्डालिया पिकल्या केळ्यांचे तळलेले काप भरलेलं ताट घेऊन रस्ता ओलांडून आली आणि शेगडीशेजारी ठेवून म्हणाली, "आज उलटी व्हायची नाही म्हणून मी जेवायला आलेय."

चार-पाच जण हसले आणि ताटाकडे वळले. दोघे पुटपुटत रिकाम्या गाड्या ढकलत घरी गेले. आणि बडने गॅरेजमधून स्वतःचं पोतं काढलं, सगळ्यांच्या देखत फाडलं, गाडीत ओतलं. घरर्र. एक फेरी मारली. दुसरी मारली. कुणी ओरडलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, झेंडाही फक्त त्याच्या एकट्याच्याच दांड्याला. तिसऱ्या फेरीला तो मध्येच थांबला. "एकट्याने काय मजा येत नाही साली," तो म्हणाला, आणि उरलेलं पोतं तसंच लॉनवर टाकून कांद्याचा वास घेत आला. लोवेलने त्याला जेवण दिलं आणि बडचं लक्ष नाही असं बघून ते पोतं उचलून गॅरेजमध्ये छपराखाली नेऊन ठेवलं.

"बघितलं मी," बड तोंडात घास घेऊन म्हणाला.

मग जून. मग वादळं. लोवेलचा जीव टांगणीला. पाऊस थांबला रे थांबला की तो धक्क्यावर. वाकून बघायचा, पाण्यात बोट बुडवून हुंगायचा, परत घरात, परत धक्क्यावर. पाणी तांबूस झालं. चहासारखं. "तांबूस म्हणजे चांगलं का वाईट?" "पानांचा रंग आहे तो," आर्डिस म्हणायची. एक दिवस पलीकडच्या कोपऱ्यात पोपटी साय दिसली. दोन दिवस तो जेवला नाही, उभ्यानेसुद्धा नाही. भरती आली, साय फुटून पसरली, विरळ झाली. गेली म्हणावं तर गेली नव्हती. आहे म्हणावं तर दाखवता येत नव्हती.

"धक्का हलवू नकोस," एका सकाळी मागून आर्डिस म्हणाली. तिने पोहण्याचे कपडे घातले होते. चष्माही होता.

लोवेल बाजूला झाला. "थांब ना जरा. आठवडाभर बघू. कोपऱ्यात अजून..."

"तू आठवडाभर थांबशील?" ती म्हणाली आणि शिडी उतरायला लागली. एक पायरी. दुसरी. तिसरीवर पाणी तिच्या गुडघ्याला लागलं आणि ती थांबली. तिने ओंजळ भरून नाकाशी नेली. "गोड नाहीये काही," ती म्हणाली, "पण मेलेलं नाहीये." आणि कुरकुरत, हुश्श करत, मान वर धरून, ती पाण्यात सुटली.

"कसं आहे?" लोवेल वरून ओरडला.

"ओलं!"

"म्हणजे राहायचं ना? आर्डिस? व्हर्लाला काय सांगू?"

"ऑगस्टमध्ये विचार!" तिचा आवाज पाण्यावरून आला. ती हात मारत पुढे निघाली होती.

ऑगस्ट! लोवेलला ऑगस्टपर्यंत कुठला दम. धक्क्याच्या टोकापर्यंत तो तिच्याबरोबर चालत गेला, आणि धक्का संपल्यावर वळून काठाच्या भिंतीवर चढला. ती पाण्यातून, हा वरून. रानगवताच्या पट्टीतून, शेजारी बडच्या रिकाम्या अंगणातून, त्याच्या बार्बेक्यूला वळसा घालून. "अंगाला काही चावतंय का? खाज? आर्डिस, खाज येतेय का?" ती नुसती पोहत होती, तोंडातून पाण्याची चूळ उडवत.

"लॉनवरून उतर, स्टकी!" बडच्या मागच्या दारातून पिंप सुटलं. "बूट बघ बूट! गवत दबतंय माझं!"

"दबू दे!" लोवेल म्हणाला, आणि पाण्यातल्या पांढऱ्या डोक्यावरची नजर न काढता त्याच्या लॉनवरून तसाच पुढे गेला.